रिकाम्या वेळेचा तक्ता

गडचिरोलीतल्या आमच्या संस्थेत माणसं सहा, कम्प्युटर सहा, आणि प्रत्येकाला आपला कम्प्युटर जिवापाड प्रिय. माझं काम नकाशे करायचं. जंगलातल्या गावाला आपल्या हक्काच्या जंगलाचा दावा करायचा, तर सोबत नकाशा जोडावा लागतो. ड्रोननं काढलेले शेकडो फोटो एकमेकांना जोडून मी तो करायचो. एका गावाला माझं मशीन दोन दिवस घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हमखास बंद पडायचं. माझा स्वभाव तापट. मशीनला मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

शेवटी ठरवलं, सहाही मशीनं एकमेकांना जोडायची. ज्या कीबोर्डला पाच मिनिटं कोणी हात लावला नाही, त्या मशीननं माझ्या कामाचा एक तुकडा उचलायचा आणि मालक परतला की खाली ठेवायचा. एवढंच. तरी हिशेब पाहणारे भाऊ बिथरले.

"माझ्या टेबलावरच्या मशीननं दुसऱ्याचं काम काऊन करावं?"

मी त्यांना रोवण्याचं उदाहरण दिलं. धान रोवताना आज सगळे तुमच्या बांधीत, उद्या सगळे माझ्या बांधीत.

"मंग माझ्या बांधीत कधी येता?" त्यांनी विचारलं. त्यांच्या मशीनवर हिशेबाच्या मागे दिवसभर पत्त्यांचा डाव मांडलेला असायचा. मी विषय बदलला.

दोन रविवार भिंतीला खिळे ठोकून मी तारा टाकल्या. पहिल्या दिवशी काहीच चालेना. शोधलं तर संस्था चालवणाऱ्या साहेबांचं मशीन गेल्या वर्षात जगत होतं. त्याची तारीख कोणी कधी लावलीच नव्हती, म्हणून बाकीची मशीनं त्याच्याशी बोलायला तयार नव्हती. तारीख लावली. मग भामरागडकडच्या एका गावाचा नकाशा पाच तासांत झाला. मी स्वखर्चानं पेढे वाटले.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण कोणत्या मशीननं किती वेळ दिला, याची नोंद आपोआप होत होती. मी तिचा तक्ता छापला, वर 'सर्वांत जास्त वेळ देणारं मशीन' असं ठळक लिहिलं आणि फळ्यावर चिकटवला. पहिला नंबर आमच्या ऑपरेटर बाईंच्या मशीनचा होता. बाई वर्षावर्षाच्या करारावर डेटा एंट्रीला होत्या, आणि आमच्यात गावांतली माडिया भाषा बोलणाऱ्या त्या एकट्याच. मी त्यांना सगळ्यांसमोर गुलाबाचं फूल दिलं. टाळ्या वाजल्या. शेवटचा नंबर हिशेबवाल्या भाऊंचा आला. त्यांच्या मशीनला पत्त्यांतून सवडच नव्हती.

साहेब चहाचा कप घेऊन तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"म्हणजे बाईचं मशीन दिवसभर रिकामं असते?"

"हो सर!" मी अभिमानानं म्हणालो.

"मंग बाई काय करून राह्यल्या?"

बाई व्हरांड्यात होत्या. पहिल्या बसनं गावोगावची माणसं यायची आणि व्हरांड्यात बसून राहायची. बाई त्यांच्याजवळ जमिनीवर बसायच्या. नाला कुठे वळतो, टेकडीला काय म्हणता, देव कुठे, असं माडियात विचारून वहीत लिहायच्या आणि संध्याकाळी अर्ध्या तासात टाइप करून मला पाठवायच्या. हे सगळं मी साहेबांना दोनदा समजावलं.

"तक्ता तुमचाच आहे," साहेब म्हणाले. ते खरंच होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

बाईंचा करार महिनाअखेरीला संपत होता. तो वाढवायचा नाही, मशीन तेवढं ठेवायचं, असं साहेबांनी ठरवलं. बाईंची मुलगी चंद्रपूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती.

मग मी डोकं चालवलं. बाई व्हरांड्यात गेल्या की त्यांच्या कीबोर्डवर पेपरवेट ठेवायला लागलो. बटण दाबलेलं राहायचं आणि मशीन दिवसभर कामात दिसायचं. आठवडाभरानं साहेब म्हणाले, "सुधारणा आहे." मी स्वतःवर फार खूश होतो.

दुसऱ्याच दिवशी बाई वेळेआधी आत आल्या. पेपरवेट पाहिला, पडद्यावरची कोरी पानं पाहिली.

"हे काय होय, भाऊ?"

मी सांगितलं. मला वाटलं आभार मानतील.

"म्हणजे मी व्हरांड्यात बसतो, ते लपवाचं काम आहे का?"

त्यांनी पेपरवेट माझ्या टेबलावर आणून ठेवला. मला लाज वाटली, खरी लाज. मग त्या बाहेरून एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन आल्या. ज्या गावाचा नकाशा मी पाच तासांत केला होता, तिथले ते. बाईंनी मलाही बोलावलं आणि आम्ही तिघं साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

म्हाताऱ्यांनी टेबलावर नकाशा पसरला, एका जागी बोट ठेवलं आणि बराच वेळ बोलले. बाईंनी त्याचं मराठी केलं नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला माडियातले तीन शब्द येतात आणि तिन्ही जेवणाचे आहेत.

"बाई, काय म्हणतात ते? सांगा ना."

"सांगतो सर. पण हे माझ्या मशीनमंधी दिसणार नाई. तुमीच लिहून घ्या."

साहेबांनी पेन उघडलं.

"ते म्हणतात, नकाशा चांगला आहे. नाला बरोबर आहे. पण आमच्या मेलेल्या माणसाईच्या नावानं उभे केलेले गोटे तुमी हद्दीच्या बाहेर टाकले. आमचा बाप बाहेर, आमचा आजा बाहेर. यावर आमी अंगठा कसा देणार?"

साहेबांनी ते सगळं लिहून घेतलं, दोनदा विचारून. म्हाताऱ्यांनी बोट उचललं नव्हतं. दावा अजून दाखल व्हायचा होता, तेवढं नशीब. बाईंचा करार त्याच आठवड्यात वाढला.

मी जागेवर येऊन बाईंनी पाठवलेली त्या गावाची फाइल उघडली. गोट्यांची जागा, कोणता कोणाचा, मोहाच्या झाडापासून किती पावलं, सगळं तिच्यात होतं. नकाशा करायच्या आदल्या संध्याकाळीच त्यांनी ती मला दिली होती, आणि पाच तासांच्या घाईत मी ती उघडलीच नव्हती.

बाईंना हे माहीत होतं. केबिनमध्ये त्यांनी ते सांगितलं नाही.