घाटाच्या वळणापर्यंत आणि परत

कणकवलीच्या डॉक्टरबाईंनी गोळ्यांच्या चिठ्ठीखाली लिहिलं, 'रोज पाऊण तास धावणे.' मी वैतागलो. शहरातल्या नोकरीत पावडरीची चटक लागलेला, व्यसनमुक्ती केंद्रात राहून फोंडाघाटला आईबाबांकडे परतलेला माणूस मी. चार पायऱ्या चढलो तरी धाप लागायची. धावणार कसला, कप्पाळ!

बाई हसल्या. "पावडरीने तुमच्या मेंदूला आयत्या आनंदाची सवय लावलीय. म्हणून आता चहा गोड लागत नाही, झोप येत नाही. गोळ्या घ्याच, पण घामही गाळा. मेंदू हळूहळू पुन्हा शिकतो. तलफ आली की धावा, ती ओसरते."

बाबांनी हे मनावर घेतलं आणि माझी पंचाईत झाली. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही. एकाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मी सकाळी बूट बांधले की बाबा तुळशीपाशी खड्या आवाजात सुरू. "बा देवा म्हाराजा, माज्या झिलाची ती पावडर सुटांदे, तेका घाटापर्यंत ने आणि तसोच परत हाड रे म्हाराजा!"

स्वयंपाकघरातून आई, "व्हय म्हाराजा!" शेजारची काकूसुद्धा कळशी खाली ठेवून, "व्हय म्हाराजा!" मी का धावतो ते अख्ख्या वाडीला कळलं. मी दातओठ खात बाहेर पडायचो. एकदाही 'व्हय' म्हटलं नाही.

सुरुवातीला नुसती फजिती. कुत्री मागे लागायची, पोटऱ्या भरून यायच्या. पण दुसऱ्या महिन्यात एकदा परतलो, आईने घावणे वाढले, आणि घावण्याला चक्क चव होती! आणखी एक मागितला तर ती रडायलाच लागली. इतका बरा दिवस कित्येक वर्षांत आला नव्हता.

बाबांना मात्र धीर नव्हता. माझ्यामागून स्कूटरची फटफट यायची. वळून बघितलं की म्हणायचे, "पेट्रोल भरूक इलंय." पेट्रोलपंप उलट्या दिशेला! मी चिडायचो, पण त्यांचंही चुकत नव्हतं. आधी एकदा मी केंद्रातून येऊन घसरलो होतो, आणि मला उचलून आणलं होतं ते त्यांनीच.

एके सकाळी घाटाच्या पायथ्याशी एक गाडी उभी. शहरातला माझा जुना सोबती गोव्याला चालला होता. "अरे, तू इथे? बस गाडीत. थोडी आहे माझ्याकडे. एकदाच."

खोटं कशाला बोलू, माझे पाय गाडीकडे वळले. मग बाई आठवल्या. म्हटलं, आधी वरच्या वळणापर्यंत जाऊन येतो, आणि सुटलो. जन्मात असा धावलो नव्हतो. वर जाऊन ओकलो, रस्त्याकडेला बसलो. उठलो तेव्हा तलफ पुष्कळ उतरली होती. खाली आलो तर गाडी निघून गेलेली.

पलीकडे आंब्याआड स्कूटर होती. बाजूला बाबा, हात जोडून उभे.

"बाबा, सगळा बघितलात मां? मगे हाक कित्या मारूक नाय?"

"तोंड उघडलंय रे. आवाजच फुटाक नाय. गाऱ्हाणा पण घालूक जमाक नाय."

त्यांचे जोडलेले हात मी धरले आणि वाडीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"