बहिणीचं वावर मी पाहिलं होतं

२००८ साली मी बासष्ट वर्षांचा होतो. वावर विकत घ्यायचं म्हटलं की आजूबाजूच्या चार गावांतले लोक आधी मला नेऊन दाखवत. शाळा माझी दुसरीपर्यंत. पण चपला काढून वावरात शिरलो की जमीन कशी आहे ते माझ्या टाचेला कळतं, असं मी सांगायचो. लोक मानायचे. मीही मानायचो.

त्याच्या तीन हंगाम आधी माझ्या धाकट्या बहिणीनं वावर घेतलं. नवरा गेल्यापासून ती माझ्या घरी होती. सासरची जमीन तलावात गेली, त्याचा पैसा तिनं हात न लावता ठेवला होता. स्वतःचं वावर पिकलं की गावात खोली घेऊन वेगळं राहायचं, एवढंच तिच्या मनात. तोंडानं बोलली नाही कधी. पण माझी बायको तवा आपटायची तेव्हा हिचा चेहरा मी पाहत होतो.

वावर चिखलीच्या रस्त्याला, तीन एकर. दिवाळीच्या तोंडावर आम्ही पाहायला गेलो. बीटी कपाशीची पऱ्हाटी माझ्या छातीला लागत होती, बोंडांनी वाकलेली.

बहीण म्हणाली, "भाऊ, एक खड्डा खंदून पाह्य ना. खाली काय हाय ते दिसन."

वावराचा मालक धुऱ्यावर, बांधावरच उभा होता. त्याच्यासमोर तिनं हे बोलावं याचा मला राग आला.

"ज्याले समजत नाही तो खंदते," मी म्हणालो. "एवढी पऱ्हाटी उथळ जमिनीत येते काय? तुले समजते का मले?"

"तुलेच समजते, बाप्पा," ती म्हणाली.

आमच्या जुन्या देशी कपाशीचं मूळ सरळ खाली जायचं. जमीन जेवढी खोल तेवढं झाड उंच. उभ्या पऱ्हाटीवरून जमीन सांगायची हे मी बापाकडून शिकलो आणि जन्मभर तेच केलं. बियाणं बदललं हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझ्या घरीही तेच पेरत होतो. पण नवी पऱ्हाटी वरच्या पाण्याखतावर उथळ जमिनीतही वाढते, म्हणून आपलं पाहणंही बदलायला पाहिजे, हे डोक्यात आलं नाही. ओळीओळीनं ठिबकच्या नळ्या पसरल्या होत्या, बांधाशी खताची रिकामी पोती पडली होती. नळ्या ओलांडत मी वावर फिरलो. मालकानं लपवलं काहीच नाही. त्याला मी विचारलंच नाही.

पाणी मालकाच्याच शेजारच्या वावरातल्या विहिरीचं होतं. खरेदी झाल्यावर तो नळ्या गुंडाळून घेऊन गेला.

पहिल्या वर्षी पाऊस बरा झाला. पुढची दोन्ही वर्षं भादव्यात पावसाचा ताण पडला आणि बहिणीची पऱ्हाटी लाल होऊन वाळली. धुऱ्यापलीकडची हिरवी होती. मी म्हणालो लाल्या रोग आहे. मग म्हणालो बियाणंच खराब. फवारणी करायला लावली. एकदाही खंदायला टिकास घेऊन गेलो नाही. गेलो असतो तर काय निघेल, ते बहुतेक मला कळलं होतं.

२००८ च्या चैतात तिनं एकटीनं सबल घेऊन खड्डा खंदला आणि मला बोलावलं.

"हात घाल," म्हणाली.

मी घातला. मनगट बुडालं, कोपर नाही. तेवढीच काळी माती. खाली पांढरा मुरूम, नख मोडेल असा.

मला वाटलं रडेल, शिव्या देईल. तिनं माती झटकली आणि म्हणाली, "उद्या गिऱ्हाईक येऊन राह्यलं. त्यानं निरोप धाडला, तुमचे भाऊ म्हनतीन तं घेतो. तू फक्त चांगलं हाय म्हन. तुह्या बोलण्यावर मी फसली, तुह्याच बोलण्यावर सुटू दे मले."

"अन् तो?"

"माह्यावेळी इचारलं होतं काय तू असं?"

तिनं पावड्यानं खड्डा बुजवला, पायानं दाबला, वरून वाळल्या पऱ्हाट्या टाकल्या. आम्ही गावात परतलो. दारात ती म्हणाली, "सकाळी लवकर चाल, भाऊ." सवयीनं भाऊ म्हणाली.

ते वावर आजही तिच्याच नावावर आहे, पडीक. ती माझ्याच घरात आहे. ताट वाढते, समोर ठेवते, बोलत नाही. मी खरं बोललो म्हणून कोणी मला चांगला म्हणू नये. तेच वावर दुसऱ्यांदा चांगलं म्हणायला माझी जीभ तयार नव्हती, एवढंच.

गिऱ्हाईक यायच्या दिवशी ती उठायच्या आत मी पावडं घेऊन वावरात गेलो. पऱ्हाट्या बाजूला केल्या, खड्डा उकरला, कडा तासून सरळ केल्या, म्हणजे काळ्याखालचं पांढरं लांबून दिसावं. गिऱ्हाईक आलं. मागून बहीण आली आणि धुऱ्यावरच थांबली. मी तिच्याकडे न पाहता त्या माणसाचं मनगट धरलं आणि त्याचा हात खड्ड्यात घातला.