न विचारलेला प्रश्न

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. जालन्यात एमआयडीसीच्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे. लोखंडाच्या कारखान्यातला एक माणूस गर्दी पांगेपर्यंत थांबायचा, मग मान खाली घालून पुरुषांची ताकदीची गोळी मागायचा. मी मुकाट्यानं कागदात गुंडाळून द्यायचो.

"तुम्ही काही इचारत न्हाई भाऊ, म्हणून तुमच्याकडंच येतो," एकदा म्हणाला.

एका दुपारी त्याची बायको आली. तो वारला होता. तिच्या पिशवीत मी दिलेली गोळी होती, आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायचीही. जिभेखालची गोळी रक्तवाहिन्या सैल करणारं सायक्लिक जीएमपी नावाचं रसायन वाढवते, ताकदीची ते मोडू देत नाही. दोन्ही घेतल्या की रक्तदाब कोसळतो. हे मी शिकलो होतो.

"ह्याच्यानं काही झालं का हो, भाऊ?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्या बाईला मी खरं उत्तर देणं लागतो.