मुकादम आणि चाखणारे भाऊ

बिस्किटांच्या कारखान्यात चाखण्याच्या कामावर भाऊंनी एकतीस वर्षं काढली होती. बिस्किट मोडल्याच्या आवाजावरून भट्टी किती तापली होती ते सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतच. एकटा जीव, त्यांच्या बढायांना घरात लगाम घालणार कोण?

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ताई इस्पितळात गेली तेव्हा तिने आपला ससा या धाकट्या भावाच्या हवाली केला. ससा घरभर पाहणी करत फिरे, म्हणून त्याचं नाव मुकादम. ताईला घरात सोबत तेवढीच. तिने सुक्या गवताची पेंढी दिली आणि चिठ्ठी लिहिली: गवत, पाणी, थोडी पालेभाजी. दुसरं काहीही नाही.

"हे काय जेवण झालं?" भाऊंना सशाची दया आली. चहाबरोबर त्यांनी त्याला दोन बिस्किटं दिली. मुकादमाने ती फस्त केली. कोणीतरी जाणकार भेटला म्हणून भाऊ हरखले आणि दुसऱ्या दिवशी चार दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाने बिस्किटापुढून तोंड फिरवलं. भाऊंना संशय कोणाचा यावा? बिस्किटाचा! पुडा घेऊन ते तडक कारखान्यात गेले आणि अख्खा घाणा पुन्हा तपासायला लावला. खोट काही निघेना.

"सशाने नापास केला म्हणता?" भट्टीवाल्याची हसून हसून पुरेवाट झाली.

दुपारी घरी येऊन पाहतात तो मुकादम कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. गवताला तोंड लावलेलं नाही आणि सकाळपासून एक लेंडी नाही. भाऊंचं धाबं दणाणलं. त्याला छातीशी धरून ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले.

"साखर आणि मैदा सशाला झेपत नाही हो. आतड्याचं काम थांबतं," बाई म्हणाल्या. "आणखी उशीर झाला असता तर हातचा गेला असता. बिस्किट, चिप्स, चॉकलेट, आपला कुठलाच खाऊ द्यायचा नाही."

औषध झालं, पिचकारीने भरवणं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादमाने गवताची एक काडी ओढली आणि तासाभराने चार लेंड्या टाकल्या. एवढा आनंद भाऊंना बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

मग फोन. कालपासून "मजेत आहे" म्हणून ताईला थापा मारल्या होत्या. आता सगळं कबूल केलं. भाऊ बोलणी खायच्या तयारीत उभे राहिले.

"आता खातोय ना तो?"

"खातोय."

"आणि तू रे? तू काय खाल्लंस कालपासून?"

भाऊ आठवू लागले. खाण्याचाच पगार घेतलेल्या त्या माणसाला एक घासही आठवेना.

"काहीच नाही, ताई."