शिकतोय अजून

कंपनीच्या गेटातून आत पाऊल टाकलं की तो आधी गळ्यातली पिवळी पट्टी शर्टाच्या आत सारायचा. ओळखपत्र दिसलं पाहिजे असा नियम होता, म्हणून कार्ड तेवढं खिशाला अडकवायचा. पट्टी मात्र कॉलरखाली, पार बनियनच्या आत. एका हाताने, चालता चालता, कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या सफाईने. मग कंगवा काढून एकदा भांग. आणि कोणी विचारलंच, "काय चाललंय?" तर उत्तर ठरलेलं, "शिकतोय अजून."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो विनय वाटला. विनय त्याच्यात नावालाही नव्हता, हे पुढे कळलं. तो खरंच शिकाऊ होता. तिशी ओलांडलेला, कानशिलावर पांढरे केस आलेला शिकाऊ.

तुम्हीही असा माणूस पाहिला असणार. साताऱ्यात, सांगलीत, कुठल्याही औद्योगिक वसाहतीच्या थांब्यावर सकाळी उभे राहा. आधी गळ्यातल्या पट्टीचा रंग बघा, मग चेहऱ्यावरचं वय बघा. दोन्हींचा मेळ लागत नसेल, तर तुम्हाला माझा माणूस भेटला.

मी सांगलीची, विश्रामबागची. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील कामगारसभांची पत्रकं छापून आणायचे आणि आम्ही भावंडं फरशीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मी वाचायला शिकलेलं पहिलं वाक्य. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी कॉलेजने साताऱ्याच्या एका मोठ्या कंपनीत प्रशिक्षणाला पाठवलं, तेव्हा मैत्रिणी बॅगा भरत होत्या आणि मी डोक्यात उद्गारचिन्हं भरून निघाले होते.

पहिल्या दिवशी थंडगार सभागृहात आम्हाला सांगितलं, आपण सगळे एक कुटुंब आहोत. दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाने मला खोक्यांवर स्टिकर चिकटवायला बसवलं. गाड्यांच्या ब्रेकचे भाग लाइनवरून यायचे, खोक्यात बसायचे, मी स्टिकर लावायची. ज्या यंत्रांवर शिकायला आले होते, ती काचेपलीकडे दिसायची. शेजारी खोकी बांधायच्या यंत्रावर तो.

"ताई, हितं काय शिकायचं ते सांगू का?" पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला. "कुठल्या सायबाचं बूट वाजत्यात आन् कुठल्याचं वाजत न्हाईत, एवढंच. ज्याचं वाजत न्हाईत त्येला भ्यायचं. झाला कोर्स."

तो काही जादूगार कामगार नव्हता. पट्टा तिरका बसवायचा. सुपरवायझरची नक्कल करायच्या नादात खोकं उलटं बांधायचा आणि मग शिव्या खोक्याला घालायचा. पण तो रजेवर असला की लाइन मुकी व्हायची.

कंपनीत माणसं रंगावरून ओळखायची. पर्मनंट कामगाराला निळा गणवेश. शिकाऊंना अंगात घरचे कपडे आणि गळ्यात पिवळी पट्टी. कोणाला पर्मनंट करायचं ठरलं, की ऑर्डरच्या आधी शिंपी यायचा. गळ्यात टेप टाकून कँटीनमागच्या खोलीत बसायचा. ज्याला तिथे बोलावणं आलं तो निळा झालाच, असं अख्खी लाइन धरून चालायची आणि ते कधी चुकलं नव्हतं. माप दिलं की दुसऱ्या दिवशी त्या माणसाने कंदी पेढे वाटायचे. ऑर्डर हातात पडेपर्यंत कोणी थांबलाच, तर टोमणे सुरू, "का रं, भरवसा न्हाई व्हय कंपनीवर?"

दुसऱ्यांचे पेढे तो चवीने खायचा आणि प्रत्येकात खोड काढायचा. हा कमी भाजलाय, त्यात साखर लय.

"माझा पेढा खावा तवा बघा ताई. जरा जास्तच भाजल्याला असंल. लय दिस चुलीवर हाय."

तो वडूजच्या पलीकडचा. चुलते, चुलतभाऊ सैन्यात. हाही भरतीसाठी वय संपेपर्यंत धावला. मग आयटीआय, मग ही कंपनी. एका योजनेत शिकाऊ, मुदत संपली की थोडे दिवस घरी, मग दुसऱ्या योजनेत शिकाऊ, मध्ये ठेकेदाराकडे, पुन्हा शिकाऊ. योजनांची नावं बदलत गेली. यंत्र तेच, स्टूल तेच, त्यावर बसणारा माणूस तोच. लक्षात घ्या, याला चोरी म्हणत नाहीत. याला कौशल्यविकास म्हणतात.

आणि कोयनानगरची एक मुलगी होती. तिचे वडील धरणावरच्या नोकरीतले, सरकारी पर्मनंट. मुलगा त्यांना पसंत होता. फक्त म्हणाले होते, "ऑर्डर दाखवा, सुपारी फोडू." दोनदा त्यांनी मुदत वाढवून दिली. आता यंदाच्या तुळशीच्या लग्नापर्यंत थांबणार होते, नंतर दुसरं स्थळ.

जेवणाच्या सुट्टीत तो कँटीनच्या भिंतीला टेकून तिच्याशी फोनवर बोलायचा, यंत्रांच्या आवाजाची सवय असल्यामुळे मोठ्याने. तिचा एक प्रश्न त्याने आम्हाला कितीदा तरी ऐकवला, "ती म्हणती, आमच्याकडं मांडणीवरची भांडी वाजली की कळतंय भूकंप आला. तुमच्या कंपनीत काय वाजलं म्हंजी ऑर्डर आली समजायचं?" सांगून खूप हसायचा. हसून झालं की डब्याचं झाकण उगाच लावायचा, पुन्हा उघडायचा.

मला राहवायचं नाही. "दादा, मी पत्रक काढते. तुमची सगळी हकीकत घालून. गेटवर वाटू."

"आवं ताई, हळू! माझं नाव घालू नगा."

"नाही घालत."

"गावबी नगं. वडूजबी नगं. बुटाचा नंबरबी नगं, सायेब हुशार हैत."

"मग घालू काय त्यात?"

"तुळशीचं लगीन हुंद्या. मग माझा फोटो छापा."

मी चिडायची. अशा भीतीवरच ही इमारत उभी आहे, वगैरे बोलायची. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बराबर हाय तुमचं. तेवढा त्यो स्टिकर उलटा लागलाय बघा."

दिवाळी झाली आणि शिंपी आला. आमच्या लाइनवरून त्यालाच बोलावणं आलं. हातातला पट्टा तसाच टाकून तो निघाला, अर्ध्यातून परत फिरला, भांग पाडला, मग गेला. मी पाण्याच्या निमित्ताने मागे गेले आणि दारातून बघत राहिले. दोन्ही हात पसरून तो उभा होता, डोळे मिटलेले.

"छाती फुगवू नका," शिंपी म्हणाला.

"फुगवत न्हाई ओ. आपोआप हुतिया."

दुसऱ्या दिवशी त्याने पेढे आणले. जास्त भाजलेले, सांगून घेतलेले. लाइनवर प्रत्येकाच्या हातात पेढा आणि प्रत्येकाची थाप त्याच्या पाठीवर. झाडलोट करणाऱ्या मावशींना दोन. मनुष्यबळ विभागाचे साहेब आमच्या बाजूला आले होते, त्यांच्यापुढेही त्याने खोका धरला. साहेबांनी पेढा उचलला, "अरे वा" म्हणाले, खाल्ला, रुमालाने बोटं पुसली आणि गेले. त्यांचे बूट वाजत नसत.

दुपारी त्याने कोयनानगरला फोन केला. पलीकडून काय उत्तर आलं ते विचारायची गरजच पडली नाही. येत्या रविवारी सुपारी ठरली. त्या दिवशी त्याने एकही खोकं सरळ बांधलं नाही.

शुक्रवारी कपडे आले. पिशवी फाडून त्याने शर्ट बाहेर काढला.

शर्ट राखाडी होता.

त्याला आधी वाटलं, पिशवी बदलली. मग सुपरवायझरने समजावलं, अगदी शांतपणे. जुन्या शिकाऊंसाठी कंपनीने आता वेगळा गणवेश काढला होता. परदेशातून गिऱ्हाईक कारखाना बघायला येतं, कोण कोण आहे ते लांबून कळावं. पट्ट्या आता बंद. शर्टाच्या छातीवर, खिशाच्या वर, पिवळ्या दोऱ्याने ठळक शिवलेलं होतं, 'शिकाऊ'.

सबंध लाइनवर कोणी कोणाकडे बघेना. जिभेवर अजून ज्याच्या पेढ्याची चव आहे त्याला काय म्हणणार? पलीकडच्या यंत्रावरचा एक पर्मनंट फक्त पुटपुटला, "गड्या, आपुन पेढा खायला नगं हुता."

त्याने शर्ट घातला. बरोबर मापाचा होता. गुंड्या लावून झाल्यावर त्याचा हात सवयीने कॉलरशी गेला, काहीतरी आत सारायला. तिथे काही नव्हतं. हात तसाच छातीवर, त्या अक्षरांवर राहिला. मग त्याने पट्टा उचलला आणि खोकं बांधलं. त्या दिवशी एकही खोकं तिरकं गेलं नाही.

मी तडक मनुष्यबळ विभागात गेले. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आम्ही त्यांना पर्मनंट करतोय असं कुठे कळवलं होतं का?" ते म्हणाले.

"माप घेतलं की पेढे वाटतात, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"तो कामगारांचा आपसातला रिवाज आहे."

"तुम्ही पेढा खाल्लात, साहेब."

"कोणी गोड दिलं तर आपण खातो, बाळ." मग माझ्या कार्डाकडे बघत, "तुमच्या कॉलेजला आमच्याकडून अहवाल जायचाय ना अजून?"

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने काहीही हललं नाही, पाण्याचा ग्लाससुद्धा.

शनिवारी सुटताना मी त्याला गेटजवळ गाठलं. "दादा, फोन करून सांगा त्यांना. उद्या कशाला जाताय?"

"फोनवर सांगितलं की ती रडंल आन् मला दिसायची न्हाई. जाऊन सांगतो. ह्योच शर्ट घालून जातो." तो भांग पाडत नव्हता, कंगवा नुसता हातात होता. "पट्टी लपवून लपवून केस पांढरं झालं, ताई. आता लपवायला जागाच न्हाई ठेवली त्येंनी."

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. कोयनानगरच्या थांब्यावरून बोलत होता, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात.

"ताई, जेवाय लय चांगलं वाढलं. पुरणपोळी केलीवती."

"आणि सुपारी?"

"इषय न्हाई काढला कुणी. ताटावरनं उठताना तिचं वडील म्हणालं, शर्टाचं कापड चांगलं हाय."

"ती?"

"दारात हुती. वाचलं तिनं छातीवरचं. मोठ्यांदा न्हाई, नुसतं व्हट हाललं." मागे एस.टी.चा हॉर्न वाजला. "माझी गाडी लागली. ताई, तुमी ते पत्रक काढा."

"तुमचं नाव घालून?"

"नाव नगं. नावाचा मी एकटाच हाय. बिननावाचं लय हैत."

"उद्या येताय ना कामावर? दादा?"

"न्हाई. झालं शिकून."

सोमवारी त्याच्या स्टुलावर दुसरा राखाडी शर्ट बसला होता. नवा माणूस पट्टा तिरका बसवत होता आणि त्याला कोणी हसत नव्हतं. फोन लागेनासा झाला. कोणी म्हणे, तो पुण्याला वॉचमन आहे. कोणी म्हणे, दुसऱ्या कंपनीत लागलाय, शिकाऊच, तिथली पट्टी हिरवी आहे. मी वडूजच्या पुढच्या त्याच्या गावी जाऊन आले. आईने दारातच विचारलं, "तुमाला काय कळलं का त्येचं?" मी तिला जे विचारायला गेले होते, तेच.

माझं प्रशिक्षण संपलं. प्रमाणपत्र मिळालं. मी अमुक अमुक शिकले असं त्यावर छापलेलं आहे आणि त्यात स्टिकरचा उल्लेख नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी त्याच गेटाबाहेर उभी राहिले. घड्या वडिलांनी आणि मी फरशीवर बसून घातल्या होत्या. मथळा होता 'शिकतोय अजून'. नाव नव्हतं, गाव नव्हतं, बुटाचा नंबर नव्हता. सुरुवातीला कोणी हात पुढे करेना. राखाडी शर्ट माझ्याकडे न बघता जात राहिले. वॉचमन दोनदा येऊन दम देऊन गेला.

मग एकाने जाता जाता पत्रक घेतलं. मथळ्यावर नजर टाकली, वॉचमनकडे बघितलं, आणि एका हाताने, चालता चालता, कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या सफाईने ते कॉलरखालून शर्टाच्या आत सारलं. त्याच्या मागच्यानेही घेतलं. त्याच्याही मागच्याने.

कोणी थांबलं नाही. सगळे आत गेले, छातीवर ती पिवळी अक्षरं घेऊन. छाती जरा पुढे आल्यासारखी दिसत होती. आतल्या कागदामुळे असेल.