हवालदाराचे काळे दगड

त्या वर्षांत मी सांगलीजवळ माधवनगरच्या एका गिरणीत कापड तपासायच्या कामावर होतो. टेबलावरून कापड सरकत राहायचं आणि त्यातली तुटलेली तार, सुटलेला धागा दिसला की खडूनं खूण करायची. आठ तास हेच. या नोकरीमुळं असेल, पण बारीक काही चमकलं की माझी नजर तिथंच अडकते. दगडांचा नाद मला असाच लागला. आपल्याकडच्या काळ्या कातळात मधूनच पोकळी असते आणि तिच्या आत स्फटिकांचे झुबके बसलेले असतात. पांढरे, गुलाबी, क्वचित हिरवट. आमच्याकडं त्यांना सरसकट गारा म्हणतात. मी त्या जमवायचो. घरात कुणी नावं ठेवली नाहीत, पण कौतुकानं कुणी बघितलंही नाही.

हाच नाद असलेला दुसरा माणूस मला मेढ्याच्या रस्त्यावर भेटला. चुलत बहिणीच्या लग्नाला निघालो होतो. एसटी बंद पडली म्हणून सगळे खाली उतरलो. रस्त्याच्या कडेला विहिरीचं काम चाललं होतं आणि बाहेर टाकलेल्या दगडांच्या ढिगात ऊन चमकत होतं. मी वाकून हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पाव्हणं, हात संबाळून. काचंवानी कापतंय ते."

खाकी अर्धी चड्डी, वर बंडी, पिळदार मिश्या. पलटणीत सुरुंग लावायचं काम करून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस आता जावळीच्या डोंगरात विहिरींना सुरुंग लावून देत फिरायचा. गावात त्याला सगळे हवालदारच म्हणत. मी काय शोधतोय हे कळल्यावर त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेली एक गार काढली आणि माझ्या हातावर ठेवली. नखाएवढे गुलाबी स्फटिक, एकावर एक रचल्यासारखे.

"ही घ्या. माझ्याकडं लय हायेत."

तिथून पुढं सहा-सात वर्षं आमचं येणंजाणं राहिलं. येणंजाणं म्हणजे वर्षातून दोनदा कराडच्या स्टँडवर भेटायचं. तो मेढ्याहून साताऱ्यामार्गे यायचा, मी सांगलीहून. कधी गर्दी असली तर चालत जवळच्या मलकापुरापर्यंत जायचो आणि तिथं झाडाखाली बसून गारांची अदलाबदल करायचो. एरवी पोस्टकार्डं. त्याचं अक्षर मोठं आणि सरळ होतं. "गार ठेवली आहे, भेटीत देतो. विहीर पस्तीस फूट. पाणी गोड." असं काहीतरी असायचं. पाण्याचं ते वाक्य प्रत्येक कार्डात असे. मी ते "सर्व कुशल" सारखं समजून पुढं जायचो.

एका उन्हाळ्यात कार्ड आलं ते दुसऱ्याच अक्षरात. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी लिहिलं होतं. हवालदार महिन्यापूर्वी तापानं गेले. त्यांच्या घरच्यांचा निरोप आहे की तुमचे दगड घेऊन जावेत.

माझे दगड? माझा तिथं एकही दगड नव्हता. मी ते कार्ड तीन-चारदा वाचलं. एक महिना तो माणूस जगात नव्हता आणि त्या महिन्यात मी त्याच्यासाठी एक हिरवट गार बाजूला काढून ठेवली होती.

दोन दिवस रजा टाकून गेलो. त्याच्या बायकोला मी पहिल्यांदाच भेटत होतो. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला आणि उंबऱ्याशी बसत विचारलं, "आवं, तुमीच का ते सांगलीचं? दगडातलं जानतात ते?"

"जाणतो म्हणजे, थोडा नाद आहे."

"न्हाई, ह्ये म्हनायचं, माझा दोस्त हाय सांगलीला, त्येला दगडातलं लय कळतंय. माझ्यामागं समदं त्येच्या हवाली करायचं."

तेवढ्यात शेजारची दोघं-तिघं येऊन अंगणात बसली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यातून मुठीएवढा काळा दगड काढून माझ्यापुढं धरला.

"सायेब, आमच्या रानातला हाय. बगून सांगा, खाली पानी हाय का न्हाई."

"अहो, मी गिरणीत कापड तपासतो," मी म्हणालो.

"व्हय, पर हवालदार म्हनायचं तुमाला कळतंय."

मी दगड हातात घेतला, उलटा केला, परत दिला. मला त्यातलं खरोखर काही कळत नव्हतं. म्हाताऱ्यानं तो पुन्हा सोग्यात बांधला. तो रागावला नाही, पण मी त्याच्यापासून काहीतरी लपवतोय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

संग्रह मागच्या पडवीत होता. दारूगोळ्याच्या असतात तशा सात लाकडी पेट्या. पहिली उघडली तेव्हा मला वाटलं, चुकून दुसरीच पेटी उघडली. वर थोड्या गारा होत्या आणि खाली सगळे काळे दगड. साधे. रस्त्यावर खडी करून टाकतात तसले. दुसऱ्या पेटीत तेच, तिसरीत तेच. प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं आकडा घातलेला. गारांवरही आकडे होते. सगळ्या मिळून गारा असतील चाळीस-पन्नास, आणि काळे दगड त्याच्या चौपट.

इतकी वर्षं हा माणूस माझ्यासारखाच गारा जमवतो असं मी धरून चाललो होतो. मग हे काय होतं? मी त्याच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मला काय म्हाईत? तुमी त्येंचं दोस्त."

साताऱ्याहून सांगलीला हळद भरायला रिकामा ट्रक चालला होता. गुरुजींनी त्याच्या ड्रायव्हरशी बोलून तो गावापर्यंत आणवला आणि पेट्या चढवून दिल्या. शेवटच्या क्षणी हवालदाराच्या बायकोनं एक वही माझ्या हातात दिली. तेलाचे डाग पडलेली, शाळेतली दोनशे पानी वही.

आमची जागा दोन खोल्यांची. बायकोनं पेट्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे कायमचं आहे?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

वही चाळली, पण नुसते आकडे आणि गावांची नावं दिसली म्हणून बाजूला ठेवली. इथं माझी चूक झाली. मला घाई होती. पेट्यांवरून चालताना बायकोला ठेच लागत होती आणि या दगडांना कुठंतरी बरी जागा मिळावी असं मलाही वाटत होतं. सांगलीतल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते. त्यांना जाऊन भेटलो. ते लगेच आले. गारा बघून खूश झाले. एकेक हातात घेऊन त्यांची शास्त्रीय नावं सांगत राहिले. मी ती ऐकताना मनात म्हणत होतो, हवालदाराला हे ऐकायला मिळायला हवं होतं.

"या सगळ्या आम्ही ठेवू," ते म्हणाले. "काचेच्या कपाटात. खाली हवालदारांचं नाव लिहू."

"आणि हे?"

त्यांनी काळ्या दगडांकडं बघितलं. "याचं काय करणार? हा तर इथून पुण्यापर्यंत सगळीकडं आहे."

ते बरोबरच बोलत होते. मी गारा देऊन टाकल्या. काळे दगड टाकवेनात, ठेववेनात. बायको म्हणाली, अंगणात पायरी बांधायला चालतील. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

मग एका रविवारी वही पहिल्या पानापासून वाचायला बसलो.

"३१. टेकाडाखालची. बेचाळीस फूट. पाणी न्हाई. म्हातारी शेवटपत्तोर बसून व्हती."

"३२. ओढ्याकाठची. अठ्ठावीस फूट. पाणी लागलं. तांबड्या पट्ट्याखाली. गार बी सापडली."

"३३. साठ फूट. न्हाई. परत नगं म्हनलं तरी मालकानं ऐकलं न्हाई."

पानामागून पान असंच. त्यानं सुरुंग लावलेल्या प्रत्येक विहिरीतला एक दगड. पाणी लागलं असेल तर ज्या थरात लागलं तिथला, नाही लागलं तर तळातला. गार मिळाली तर तीही, त्याच आकड्याची. गारा म्हणजे त्याच्या संग्रहातल्या वरकड गोष्टी होत्या. माझ्यासारख्याला द्यायच्या. त्याला जमवायचं होतं ते वेगळंच, आणि ते तो मला दर कार्डात सांगत होता.

मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. आमचा नाद एकच होता का? की आम्ही दोघं कराडच्या स्टँडवर बसून दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो आणि फक्त मलाच ते कळलं नव्हतं? मला दगडातलं कळतं, असं त्यानं घरी का सांगितलं असेल? थट्टा करणारा माणूस तो नव्हता. त्याला खरंच तसं वाटत असेल, तर त्यानं माझ्याकडून कसली अपेक्षा ठेवली होती, याचा विचार करवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुटल्यावर कॉलेज गाठलं. गारा कपाटात लागल्या होत्या. स्वच्छ घासलेल्या, खाली सुबक चिठ्ठ्या. आकडे गेले होते.

"रंग होता थोडा, काढून टाकला," प्राध्यापक म्हणाले. "काही अडचण आहे का?"

कुठली गार कुठल्या विहिरीतली हे आता मलाही ओळखता येत नव्हतं. मी नाही म्हणालो आणि चहा घेऊन परत आलो.

काळे दगड मात्र आता पायरीत जाणार नव्हते. भूजलाचं काम करणारी सरकारी कचेरी साताऱ्याला आहे असं कळलं, तिथं पत्र टाकलं. दोन महिने काहीच नाही. मग एक तरुण अधिकारी दुसऱ्या कामासाठी सांगलीला आला असताना घरी आला. चपला काढून बसला आणि वही उघडली. बायकोनं दोनदा चहा केला, दुसरा तसाच गार झाला.

"हे कुणी लिहिलं?" त्यानं विचारलं.

"सुरुंग लावणारे हवालदार होते. शिकलेले फार नव्हते."

"या खोऱ्यातल्या इतक्या विहिरींची माहिती आमच्याकडं नाही," तो म्हणाला. "दगडासकट तर नाहीच. मला सगळं द्या."

दिलं. वहीसुद्धा दिली. देण्याआधी आठ-दहा दिवस बसून तिची नक्कल करून घेतली. ती माझ्याकडं आहे.

पावसाळ्यानंतर मेढ्याला जाऊन मी हे सगळं त्याच्या बायकोला सांगितलं. गारा सांगलीत कपाटात आहेत, काळे दगड साताऱ्याला सरकारात आहेत. माझ्या हातून आकडे गेले तेही सांगितलं. ती भात पाखडत होती. ऐकून घेतलं.

"म्हंजी दोन घरं झाली त्येंची," ती म्हणाली.

"तसंच झालं. एकत्र राहायला हवे होते."

"मग त्येंना त्यातलं कुटलं आवडलं असतं?"

हे मी तिला विचारायला आलो होतो. तसं म्हणालो. ती सूप खाली ठेवून हसली. ती हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मला कवा सांगितलं न्हाई त्येंनी. मला वाटलं, तुमाला सांगितलं आसंल."

निघताना तिनं नव्या तांदळाची पिशवी दिली. स्टँडपर्यंतच्या वाटेवर एका रानात विहिरीचं काम चाललेलं दिसलं. मी थांबलो. खाली उतरलेल्या माणसाला वरून विचारलं, किती फूट झाली. तो म्हणाला, तीस. पाणी लागलं का विचारलं. त्यानं वर बघितलं, मी कोण आहे ते त्याला कळेना. म्हणाला, अजून न्हाई. तिथून नेमका कुठला दगड उचलायचा हे मला ठरवता आलं नाही. थोडा वेळ उभा राहिलो आणि एसटी दिसल्यावर निघालो.