हिलालचा साडू

सुरतच्या उधन्यात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवणारा हिलाल माणूस गोड बोलणारा. फक्त त्याच्यापुढे साडूचं नाव काढायचं नाही. साडू हेमराज, हिलालची बायको पुष्पाबाई हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो हिलालच्याच हाताखाली शिकला आणि आता पलसाण्याला हायवेवर त्याचं काचेचं, एसी दुकान आहे. मागच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो स्वतःच्या गाडीने सासुरवाडीला गेला, तर सासऱ्यांनी त्याला आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. थोरला जावई हिलाल बसला पंगतीच्या टोकाला. हे हिलालने मला इतक्यांदा सांगितलंय, की ती पंगत मीच वाढली असं वाटतं.

जुलैत माझ्या गाडीचा वायपर बिघडला. जोरात लावला तर चाले, हळू लावला की काचेच्या मधोमध अडे. पावसात लेकीकडे जायचं होतं म्हणून नेहमीसारखी गाडी हिलालकडे नेली आणि बोलून गेले, "स्विच जळला होता. मागच्या आठवड्यात पलसाण्यात वायपर बंदच पडला, तेव्हा हेमराजने नवा स्विच बसवला."

"त्याच्याकडे गेला होतात, काकू?" हिलाल दुखावला. मग एकदम खुलला. "आठवडाभरात गेला? थांबा!"

त्याने सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावून फोन डॅशबोर्डवर टेकवला. "मामा, तुमना लाडका जवाईनं काम दखा! आख्खं घर बलावा!"

पलीकडे घर गोळा झालं. हिलालने स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं, स्विच सोडवला आणि मीटरच्या सुया लावून दांडी खाली-वर केली. हळू, मीटर वाजला, म्हणजे आत रस्ता शाबूत. जोरात, वाजला. त्याने सुया पुसल्या, पुन्हा लावल्या, दांडी मुद्दाम हिसडून पाहिली. मीटर वाजतच राहिला. स्विच निर्दोष होता. हिलालचं तोंड कडू झालं.

स्विच जोडून तो वायर चाचपत पुढे गेला. वायपर हळू चालवणारा करंट स्विचमधून निघत होता, मोटरपर्यंत धड पोचत नव्हता. डॅशबोर्डच्या आत हात घातल्यावर एक सैल जोड हाताला लागला. त्यावर टेपऐवजी पांढरा धागा गुंडाळलेला होता, वर विणकराची गाठ. अशी गाठ उभ्या सुरतेत एकच इलेक्ट्रिशियन मारतो. ऐन तारुण्यात तो कापडाच्या लूमवर होता, आता उधन्यात त्याचं दुकान आहे.

हिलालने तळव्याने फोन झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उघडून उगीच चष्मा शोधू लागले.

"जवाईबापू, काय निंघनं?" तळव्याखालून सासऱ्यांचा आवाज आला. "सांगत नही ते मी हेमराजलेच फोन लावस. तो यीसन दखी."

हेमराज येणार, ती गाठ बघणार आणि हसणार. हिलालने हात काढला.

"नको, मामा. स्विच चांगला शे. जोड मन्हाच सुटना."

पलीकडे बायका फिदीफिदी हसल्या. "मंग हेमराजले कसाले नावं ठेवत व्हतात?" सासऱ्यांनी विचारलं. हिलालने फोन बंद केला.

त्याने जोड कापून नवा केला, सोल्डरचा डाग दिला, टेप लावली. वायपर हळू चालू लागला. मी पैसे पुढे केले तर घेईना.

"फक्त एक करा, काकू," तो खिडकीत वाकून म्हणाला. "परत पलसाण्यात काही बंद पडलं, तर गाडीला टोचन लावून ओढा. पण इकडेच आणा."